आघाडीवरील सैनिक आणि घरचा श्रोता

युद्धाच्या गोष्टी ऐकण्याची हौस मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. महाभारतांतील अठरा दिवसांचा संग्राम आपण ज्या रीतीनें ऐकतों, ती रीतच या हौसेची साक्ष देते. कुरुक्षेत्रावर रक्ताचे पाट वाहत आहेत आणि हस्तिनापुरांत धृतराष्ट्र आसनावर बसून, पुढें काय झालें म्हणून संजयाला विचारीत आहे. संजयाला दिव्य दृष्टि मिळालेली. त्यामुळें कोणता रथी कोठें आहे, कोणाचा ध्वज कोणीं तोडला, कोणाच्या मनांत काय चाललें आहे, हें सर्व त्यास दिसतें. धृतराष्ट्राचे पुत्र रणांत आहेत आणि तो स्वतः घरीं आहे. युद्धवार्तेचा पहिला घरबसल्या श्रोता तोच, असें म्हटलें तरी चालेल.

पुढें वर्तमानपत्रांनीं, आकाशवाणीनें आणि दूरचित्रवाणीनें घरोघर एकेक संजय आणून बसविला. नकाशावर बाण काढून कोणतें सैन्य कोठें सरकलें हें तो सांगतो, आणि आपण जेवणाच्या पानावर बसून तें ऐकतों. परंतु त्या बाणाच्या टोंकाशीं जो मनुष्य उभा असतो त्याला काय दिसतें? काय ऐकूं येतें? त्याच्या मनांत कोणता विचार असतो? लष्करी इतिहासाच्या ग्रंथांत या प्रश्नाचें उत्तर क्वचित् सांपडतें. तें देण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे तो कादंबरीकारांनीं. आणि त्यांच्यापैकीं पुष्कळ जण स्वतः आघाडीवर राहून आलेले होते. अशा कांहीं निवडक ग्रंथांचा परिचय वाचकांस करून द्यावा, आणि घरीं बसणारांनीं त्यांतून काय घ्यावें याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

धुरांतील लढाई

या मार्गाचा पहिला मोठा प्रवासी फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल हा होय. तो १८१२ सालीं नेपोलियनच्या सैन्याबरोबर रशियाच्या स्वारीवर गेला होता आणि त्या भयंकर माघारींतून जिवंत परतला होता. त्याची 'पार्माचा मठ' ही कादंबरी १८३९ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नायक फाब्रीस हा सोळा-सतरा वर्षांचा इटालियन तरुण. नेपोलियनच्या भक्तीनें वेडा होऊन तो घर सोडतो आणि १८ जून १८१५ रोजीं वाटर्लूच्या रणांगणावर येऊन पोंचतो.

इतिहासांतील या सुप्रसिद्ध लढाईंत त्याला काय दिसतें? धूर दिसतो. शेतांतील मातीचे लहान लहान काळे तुकडे हवेंत उडतांना दिसतात, आणि ते तोफेच्या गोळ्यांनीं उडत आहेत हें मागाहून ध्यानांत येतें. एक सेनापति जवळून जातो. तो मार्शल ने आहे, हें दुसऱ्यानें सांगावें लागतें. ज्याच्यासाठीं घर सोडलें तो बादशहाहि समोरून घोड्यावरून निघून जातो; पण त्या वेळीं ब्रँडीच्या अमलांत असल्यामुळें फाब्रीसला त्याचें धड दर्शनहि घडत नाहीं. त्याचा घोडा काढून घेतात ते शत्रु नव्हेत, त्याच्याच बाजूचे लोक. ही खरी लढाई आहे काय, असें तो एका शिपायाला विचारतो. आणि लढाई होऊन दिवस लोटल्यावरहि आपण वाटर्लूच्या युद्धांत खरोखर होतों कीं नव्हतों, याविषयीं त्याच्या मनाची खात्री होत नाहीं.

हें वाचून प्रथम हसूं येतें. थोड्या वेळानें मात्र हसूं ओसरतें, कारण लेखकानें आपल्याला एक मोठी गोष्ट शिकविलेली असते. रणांगण जितकें दूर, तितकें तें भव्य व सुसंगत दिसतें. जितकें जवळ, तितकें तें लहान व विस्कळित होत जातें. डोंगर दुरून साजरे, ही म्हण युद्धालाहि तंतोतंत लागू आहे. सैनिकाला लढाई दिसत नाहीं. त्याला भोंवतालची पांच-पंचवीस हात जमीन दिसते. आपणांस युद्ध समजलें तें स्तांदालमुळें, असें टॉल्स्टॉयसारख्या थोर लेखकानें उतारवयांत मोकळेपणानें मान्य केलें होतें.

उत्तरकुमाराची भीति

अंतःपुरांत बसून वल्गना करणारा विराटपुत्र उत्तर आपल्या घराघरांत थट्टेचा विषय झाला आहे. परंतु व्यासांनीं काढलेलें तें चित्र नुसतें थट्टेपुरतें नाहीं. कौरवांचा अफाट सेनासागर दृष्टीस पडतांच उत्तराच्या अंगावर कांटा उभा राहतो. तो रथांतून उडी टाकून नगराकडे पळत सुटतो, आणि बृहन्नडेच्या वेषांतील अर्जुनाला त्याला धरून आणावें लागतें. त्याच वेळीं घरीं काय चाललें आहे? बहीण उत्तरा हिनें आपल्या बाहुल्यांसाठीं कौरवांचीं रंगीत वस्त्रें आणावयास सांगितलीं आहेत. आणि थोड्याच वेळानें पिता विराट पुत्राच्या पराक्रमाचे गोडवे गात द्यूत खेळूं लागणार आहे. आघाडी आणि घर यांच्यामधील अंतर इतक्या थोड्या रेषांत क्वचितच कोणीं दाखविलें असेल.

हेंच अंतर टॉल्स्टॉयच्या 'युद्ध आणि शांतता' या १८६५ ते १८६९ च्या दरम्यान प्रसिद्ध झालेल्या महाकादंबरींत पुन्हां भेटतें. टॉल्स्टॉय १८५४-५५ सालीं सेव्हास्टोपोलच्या वेढ्यांत तोफखान्यावरील अधिकारी होता. त्यामुळें तोफेचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या कादंबरींतील निकोलाय रोस्तोव्ह हा सरदार घराण्यांतील लाडका मुलगा १८०५ सालीं शोनग्राबर्नच्या चकमकींत प्रथमच लढाईला सामोरा जातो. घोडा पडतो, हात लचकतो, आणि समोरून फ्रेंच शिपाई धांवत येतांना दिसतात. हे आपल्याचकडे कशाला येत आहेत, हें त्याला प्रथम कळतच नाहीं. ज्या आपल्यावर आई आणि घरचीं सारीं माणसें इतकी माया करतात, त्या आपल्याला कोणी परके लोक ठार मारूं पाहतील, ही गोष्टच त्याच्या बुद्धीला पटत नाहीं. शेवटीं तो हातांतलें पिस्तूल झाडण्याऐवजीं शत्रूच्या अंगावर फेकतो आणि झुडपांकडे पळत सुटतो.

परंतु खरा मार्मिक भाग पुढेंच आहे. कांहीं दिवसांनीं रोस्तोव्हचे मित्र त्याला त्या चकमकीची हकीकत विचारतात. घडलें तसें सांगावें, अशीच त्याची इच्छा असते. पण ऐकणारांच्या मनांत घोडदळाच्या हल्ल्याचें एक ठराविक चित्र आधींच तयार आहे, हें त्याच्या ध्यानांत येतें. आपण पडलों, हात दुखावला, पळालों, असें सांगितलें तर त्यांना तें खरें वाटणार नाहीं. वाटलेंच तर दोष आपल्याकडे येईल. म्हणून नकळत, कोणालाहि फसविण्याचा हेतु नसतां, तो ऐकणारांना हवी असलेली गोष्ट सांगूं लागतो. येथें खोटेपणाचा अर्धा वांटा सांगणाराचा असला तरी अर्धा वांटा ऐकणारांचा आहे. आम्हांला या सगळ्या विषयाचें मर्म याच ठिकाणीं सांपडतें.

अमेरिकन लेखक स्टीफन क्रेन यानें तर युद्ध पाहण्यापूर्वींच, १८९५ सालीं, 'धैर्याचें तांबडें पदक' ही कादंबरी प्रसिद्ध केली. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें आणि क्रेन जन्मला १८७१ सालीं. तरीहि त्या युद्धांत लढून आलेल्या पुष्कळांना हें चित्र खरें वाटलें. तींतील हेन्री फ्लेमिंग हा शेतकऱ्याचा पोर फौजेंत नांव घालून घरीं येतो. वीरमातेसारखें एखादें तेजस्वी वाक्य आई बोलेल, अशी त्याची अपेक्षा. आई बटाटे सोलीत सोलीत बोलते तें मात्र मोज्यांबद्दल. स्वतः विणलेले आठ जोड तिनें बांधून ठेवले आहेत, आणि वर मुरंबाहि दिला आहे. पोराचा हिरमोड होतो. पुढें तो लढाईंतून पळतो, आणि त्याला जी जखम होते ती त्याच्याच बाजूच्या एका पळणाऱ्या शिपायाच्या बंदुकीच्या दस्त्यानें. पलटणींत ती गोळीची जखम समजली जाते आणि तोहि तसें समजूं देतो. हेन्री दुसऱ्या दिवशीं खरोखरच शौर्यानें लढतो. पण तो काल पळाला तो मनुष्य आणि आज झेंडा घेऊन पुढें जाणारा मनुष्य निरनिराळे नाहींत, हें क्रेन आपल्याला विसरूं देत नाहीं.

चिखल, शिधा आणि बूट

१९१४ सालच्या महायुद्धानें रणांगणाचें रूपच पालटलें. त्या वर्षाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारें ७०० किलोमीटर लांबीची खंदकांची रांग उभी राहिली आणि लक्षावधि माणसें जमिनींत राहूं लागलीं. घोडे, झेंडे आणि रणवाद्यें मागें पडून चिखल, उंदीर आणि काटेरी तारा पुढें आल्या.

आंरी बारब्यूस हा फ्रेंच लेखक १९१४ सालीं, वयाच्या ४१ व्या वर्षीं, आपण होऊन साधा शिपाई म्हणून भरती झाला. त्याची 'आग' ही कादंबरी १९१६ सालीं, म्हणजे युद्ध चालू असतांनाच, प्रसिद्ध झाली आणि तिला फ्रान्समधील गोंकूर पारितोषिक मिळालें. तिच्यांत एक नायक असा नाहीं. एक तुकडी आहे. शेतकरी, कामकरी, दुकानदार असे हे लोक बहुतेक वेळ काय करतात? वाट पाहतात. जेवणाची, पत्रांची आणि आपल्या जागीं दुसरी तुकडी येण्याची. आघाडी म्हणजे सतत लढणें, ही आपली कल्पना. आघाडी म्हणजे सतत थांबणें, हा त्यांचा अनुभव. शेवटच्या प्रकरणांत पावसानें खंदक भरून वाहतात, आणि सकाळीं चिखलानें माखून पडलेल्या माणसांमध्यें आपले कोणते व शत्रूचे कोणते हेंसुद्धां ओळखूं येत नाहीं.

जर्मन लेखक एरिख मारिया रेमार्क हा १८९८ सालचा. शाळकरी वय संपतें न संपतें तोंच तो फौजेंत गेला आणि १९१७ सालच्या जुलैअखेर जखमी होऊन इस्पितळांत पडला. त्याची कादंबरी नोव्हेंबर १९२८ पासून बर्लिनच्या एका दैनिकांत क्रमशः आणि जानेवारी १९२९ त पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या इंग्रजी नांवानें ती आपल्याकडील सुशिक्षितांस परिचित आहे. मे १९३३ त नाझी विद्यार्थ्यांनीं जीं पुस्तकें चौकांत जाळलीं त्यांत हेंहि होतें.

या कादंबरीचा आरंभ पोटभर जेवणानें होतो. स्वयंपाक्यानें दीडशें जणांचें अन्न शिजविलें आहे आणि आघाडीवरून परत आले आहेत ऐंशी. प्रत्येकाला दुप्पट वांटा मिळणार म्हणून उरलेले खुशींत आहेत! वाचकाला धक्का बसतो, पण लेखक त्या पोरांची निंदा करीत नाहीं. पुढें केमेरिख नांवाचा त्यांचा वर्गबंधु पाय कापल्यामुळें इस्पितळांत मरणाच्या दारीं पडलेला असतो, आणि म्यूलर नांवाचा मित्र त्याच्या उत्तम बुटांकडे पाहत असतो. म्यूलर क्रूर नाहीं. चांगले बूट आघाडीवर जीव वांचवूं शकतात, आणि ज्याला पाय उरला नाहीं त्याला त्यांचा उपयोग नाहीं, इतका साधा त्याचा हिशेब आहे. केमेरिखचे बूट म्यूलरकडे येतात. म्यूलर मेल्यावर ते कथानायक पाउल बॉयमर याच्याकडे येतात. एका बुटाच्या जोडाच्या प्रवासानें कितीएक तरुणांच्या मृत्यूची गणती होते.

तोफगोळ्याच्या नुसत्या आवाजावरून तो कोठें पडणार हें ओळखणें, आवाज होतांच जमिनीला अंग चिकटविणें, मिळेल तेव्हां झोंपणें, मिळेल तें खाणें, अशी ही आघाडीवरची विद्या आहे. ती शाळेंत कोणीं शिकविलेली नसते, आणि नव्यानें आलेलीं पोरें ती शिकण्यापूर्वींच मरतात. ती विद्या त्यांना कात नांवाचा चाळीस वर्षांचा अनुभवी शिपाई शिकवितो. वडिलांनीं जें सांगावयास पाहिजे होतें तें येथें हा परका मनुष्य सांगतो. आणि अखेर त्याला जखमी स्थितींत पाठीवर घेऊन पाउल मलमपट्टीच्या ठिकाणीं पोंचतो, तेव्हां कळतें कीं वाटेंतच एक बारीकशी कपची लागून पाठीवरचा कात केव्हांच गेलेला आहे.

शत्रूचें तोंड

या युद्धांत शत्रु सहसा दिसत नाहीं. तो आवाज असतो, धूर असतो. म्हणूनच तो दिसतो तो प्रसंग विसरतां येत नाहीं. गोळ्यानें पडलेल्या एका खड्ड्यांत पाउल दडून बसलेला असतांना एक फ्रेंच शिपाई वरून अंगावर येऊन पडतो. विचार करण्यास अवधि नाहीं; पाउल त्याला भोसकतो. परंतु तो मनुष्य लगेच मरत नाहीं, आणि बाहेर गोळ्यांचा वर्षाव चालू असल्यामुळें पाउलला तेथून हलतां येत नाहीं. तास न् तास त्याला त्या मरणाऱ्या माणसाजवळ बसावें लागतें. तो त्याला पाणी पाजतो, जखम बांधतो. मेल्यावर खिशांतील पाकीट उघडतो, तों त्यांत एक स्त्री व एक लहान मुलगी यांची छायाचित्रें निघतात. त्या माणसाचें नांव आणि धंदा समजतो. तो छापखान्यांत काम करणारा होता. नांव कळतांच शत्रु नाहींसा होतो आणि त्याच्या जागीं एक कुटुंबवत्सल गृहस्थ येतो. दुसऱ्या दिवशीं सोबत्यांत परतल्यावर पाउलच्या मनावरचा तो भार कमी होतो, आणि रेमार्क तेंहि लपवीत नाहीं; युद्ध तें युद्ध, असें म्हणून तो पुन्हां पूर्ववत् होतो. आमच्या मतें हा शेवटचा भाग आधींच्या भागापेक्षांहि अधिक भयंकर आहे.

रजेवर आलेला मुलगा

आतां ज्या प्रकरणाकडे आमच्या वाचकांचें, आणि विशेषतः वाचकभगिनींचें, आम्ही लक्ष वेधूं इच्छितों, तें तोफांचें नव्हे. पाउलला रजा मिळते. तो घरीं येतो. बहीण जिन्यावर त्याला पाहून आईला हांक मारते, आणि तो जिन्यांतच रडूं लागतो. आई आजारी आहे. टंचाईच्या त्या दिवसांत त्याच्या आवडीचें खाणें तिनें राखून ठेवलें आहे. तेथें फार हाल आहेत का, असें ती विचारते. आणि तो नाहीं म्हणतो.

वडील निराळ्या रीतीनें विचारतात. त्यांना आघाडीवरच्या गोष्टी हव्या आहेत, आणि मुलाला लष्करी पोषाखांत मिरवावयाचें आहे. ते प्रेमळ आहेत. परंतु अशा गोष्टी बोलून दाखवितां येत नाहींत, शब्दांत घातल्या कीं त्या अंगावर चालून येतील आणि मग आपण त्यांना आवरूं शकणार नाहीं, ही मुलाची भीति त्यांना समजत नाहीं. गांवांतील पोक्त मंडळी उपाहारगृहांत बसून कोणता मुलूख घ्यावा आणि सैन्यानें कोठून मुसंडी मारावी हें त्याला समजावून सांगतात. खोलींत त्याचीं जुनीं पुस्तकें ओळीनें लावलेलीं आहेत. तो त्यांच्यापुढें बसतो, पण तीं त्याच्याशीं बोलत नाहींत. केमेरिखच्या आईला भेटावयास जातो तेव्हां, तुमचा मुलगा तत्क्षणीं, कांहींहि वेदना न होतां गेला, असें तो शपथेवर खोटें सांगतो. ती खरें मागते आहे. तें तिला सहन होणार नाहीं, असें त्याला वाटतें. शेवटीं, रजेवर आलोंच नसतों तर बरें झालें असतें, असा विचार घेऊन तो परत जातो.

बारब्यूसनेंहि असाच प्रसंग रंगविला आहे. त्याचे शिपाई थोड्या वेळासाठीं शहरांत जातात. काचेचीं दुकानें आणि स्वच्छ कपड्यांतील माणसें पाहून भांबावतात. उपाहारगृहांत एक बाई, शत्रूवर तुटून पडण्याचा देखावा किती बहारीचा असेल, असें उत्साहानें म्हणते. आणि हे बिचारे संकोचानें, तसे कांहीं फार हाल नाहींत, असेंच बोलून जातात. एकाच देशांत दोन देश आहेत, लढणारांचा एक व न लढणारांचा दुसरा, ही जाणीव त्यांना तेथें होते.

ही वेदना केवळ पुरुषांचीच नव्हती. १९३० सालीं हेलन झेना स्मिथ या टोपणनांवानें इव्हॅड्नी प्राइस या लेखिकेनें एक कादंबरी लिहिली. तिची नायिका फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची मोटार चालविणारी, सुखवस्तु इंग्रज घरांतील मुलगी आहे. रात्रभर कण्हणाऱ्या माणसांना घेऊन ती मोटार हांकते. सकाळीं तीच मोटार धुऊन काढते. घरीं आई शेजारच्या बाईशीं, कोणाचीं मुलें युद्धकार्यांत अधिक आहेत आणि कोणीं अधिक तरुण भरतीस पाठविले, यांत चढाओढ करीत आहे. आईच्या पत्रांना उत्तर म्हणून ही मुलगी मनांतल्या मनांत खरीं पत्रें रचते, आणि कागदावर मात्र आईला हवें तेंच लिहिते. रोस्तोव्हनें मित्रांपुढें जें केलें तेंच ही आईपुढें करते.

आपले शिपाई परमुलखांत

या खंदकांत आपलेहि लोक होते. पहिल्या महायुद्धांत सुमारें १ लाख ३८ हजार हिंदी लोक फ्रान्सच्या आघाडीवर गेले. त्यांच्या अनुभवाची पहिली अविस्मरणीय कथा हिंदींत निर्माण झाली. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची 'उसने कहा था' ही गोष्ट १९१५ सालीं 'सरस्वती' मासिकांत आली, म्हणजे बारब्यूसच्या कादंबरीच्याहि एक वर्ष आधीं. गुलेरी हे संस्कृतचे पंडित. ते कांहीं युद्धावर गेले नव्हते. पण त्यांचा जमादार लहनासिंह खंदकांतील थंडीनें आणि चिखलानें गांजतो, बसून बसून कंटाळतो, आणि आपल्या वांट्याच्या घोंगड्या आजारी पोराच्या अंगावर घालतो. साहेबाच्या वेषांत आलेला जर्मन हेर त्याला ओळखूं येतो तोहि लहानसहान खुणांवरून: त्याची उर्दू पुस्तकी आहे, आणि तो शिखाला सिगारेट देऊं करतो! पंचवीस वर्षांपूर्वीं अमृतसरच्या बाजारांत भेटलेल्या मुलीला, आतां सुभेदारीण झालेल्या स्त्रीला, दिलेला शब्द पाळून तो मरतो; आणि गोष्टीच्या शेवटीं वर्तमानपत्राच्या यादींत त्याच्या नांवाची एक कोरडी ओळ येते. चौदा वर्षांनीं रेमार्कनेंहि आपल्या नायकाचा मृत्यु लष्करी वृत्ताच्या एका ओळीशेजारीं ठेवूनच कादंबरी संपविली. एकमेकांशीं कसलाहि संबंध नसलेल्या या दोन लेखकांना एकच गोष्ट दिसली: घरीं पोंचते ती ओळ, मनुष्य पोंचत नाहीं.

मुल्कराज आनंद यांनीं १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'अॅक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' या इंग्रजी कादंबरींत पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा लालू याला मार्सेय बंदरांत उतरवून फ्लँडर्सच्या खंदकांपर्यंत नेलें. समुद्र ओलांडल्यानें धर्म जातो कीं काय, ही शंका. गोऱ्या लोकांच्या शेतांतील नांगर व गुरें पाहून वाटणारें कुतूहल. आणि ज्यांचें भांडण आपल्याला कळतहि नाहीं त्यांच्यासाठीं आपण येथें मरत आहों, ही हळूहळू उगवणारी जाणीव, हें सर्व त्यांत आहे. पाउल बॉयमरला निदान घर जवळ होतें. लालूला तेंहि नव्हतें.

महाराष्ट्राचा संबंध प्रामुख्यानें मेसोपोटेमियाशीं आला. सहावी म्हणजे पुणें डिव्हिजन कूट-अल्-अमारा येथें ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांच्या वेढ्यांत अडकली होती, आणि तींत मराठा पलटणीहि होत्या. शिधा संपत आल्यावर घोड्यांचें मांस वांटण्यांत येऊं लागलें. जातीच्या व धर्माच्या भावनेमुळें पुष्कळ हिंदी शिपायांनीं तें बराच काळ नाकारलें आणि ते उपासमारीनें खंगत गेले. शेवटीं सुमारें १३ हजार लोक शरण गेले, आणि कैदेंतील वाटचालींत त्यांतील हजारों मेले. देशाच्या इतिहासांत याला दोन ओळी मिळतात. कोंकणांतील वा देशावरील एखाद्या घरीं बसलेल्या आईला यांतलें किती कळलें असेल? बहुतेक शिपायांना लिहितां येत नसे. पत्र दुसऱ्याच्या हातून लिहावें लागे आणि सरकारी तपासनीसाच्या नजरेखालून जाई. 'खुशाल आहें' याच्या पलीकडे त्यांत काय मावणार?

मराठींत 'रणांगण' हें नांव धारण करणारी सर्वांत गाजलेली कादंबरी विश्राम बेडेकर यांची, १९३९ सालची. तींत खंदक नाहीं. युरोपांतून हिंदुस्थानाकडे येणारें जहाज आहे आणि हिटलरच्या जर्मनींतून हांकलले गेलेले निराश्रित ज्यू आहेत. ज्यांच्या हातांत शस्त्र नाहीं त्यांच्यापर्यंतहि आघाडी येऊन पोंचते, हें आपल्या भाषेंत त्या लहानशा पुस्तकानें सांगितलें. परंतु खंदकांतील शिपायाची कथा आम्हांस मुख्यतः परभाषेंतूनच वाचावी लागते, हेंहि खरें.

श्रोत्याचा धर्म

या ग्रंथांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून जाणें योग्य होणार नाहीं. असें वाङ्मय वाचून तरुणांचें धैर्य खचेल, देशासाठीं लढावयास कोण पुढें येईल, असें कित्येक विचारतात. शिवाय आघाडीचा अनुभव सर्वांना सारखाच आला असेंहि नाहीं. अर्न्स्ट युंगर हा जर्मन अधिकारी त्याच चिखलांत राहिला, अनेकदां जखमी झाला, आणि १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत त्यानें युद्धाचें वर्णन मनुष्याची कसोटी पाहणारें दिव्य म्हणून केलें. त्यालाहि खोटें म्हणतां येणार नाहीं. परंतु वर सांगितलेल्या कादंबऱ्यांत शौर्य नाहीं असें कोण म्हणेल? कातला पाठीवर घेऊन चालणारा पाउल, पोराला आपलें पांघरूण देणारा लहनासिंह, पुन्हां उभा राहणारा हेन्री, हे शूर नव्हेत काय? या लेखकांनीं शौर्य नाकारलें नाहीं. त्याला त्याची खरी किंमत लावली. भीति ठाऊक असून उभें राहणें, हेंच धैर्य. जो भीतीच नाकारतो तो धैर्याचेंहि मोल कमी करतो.

आम्हांस यांतून घेण्यासारखी गोष्ट वाटते ती घरच्या माणसांपुरती आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळांतहि १९४७-४८, १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतून आपले जवान घरीं परतले आहेत. कोणाच्या घरीं पुतण्या असेल, कोणाच्या घरीं भाचा किंवा जांवई. तो आल्यावर भोंवतीं सारें घर गोळा होतें, आणि कोणी तरी उत्साहानें विचारतो, किती जणांना लोळविलेंस? या प्रश्नांत प्रेम असतें, अभिमान असतो. परंतु त्याच प्रश्नांत रोस्तोव्हच्या मित्रांनीं मांडलेलें तें ठराविक चित्रहि असतें. त्या चित्रांत बसेल तेवढेंच तो मग सांगतो, आणि उरलेलें घेऊन एकटाच राहतो. त्याला विचारूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तो सांगेल तेव्हां, सांगेल तितकें, आणि तो सांगेल तसेंच ऐकावें. त्यानें चिखलाचें सांगितलें तर चिखलाचें ऐकावें, बुटांचें सांगितलें तर बुटांचें. आणि तो गप्प बसला तर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ अपराध असा करूं नये. हेन्रीच्या आईनें तेजस्वी वाक्य उच्चारलें नाहीं. तिनें मोजे दिले. रणांगण तिनेंहि पाहिलें नव्हतें; पण मुलाच्या पायांना थंडी वाजेल, हें तिला ठाऊक होतें.

व्यासांनींहि संजयाच्या मुखानें युद्ध सांगून ग्रंथ संपविलेला नाहीं. पुढें स्त्रीपर्व आहे. तेथें धृतराष्ट्र, गांधारी आणि कुलस्त्रिया घर सोडून कुरुक्षेत्रावर जातात. आणि आजवर संजयाकडे असलेली दिव्य दृष्टि त्या वेळीं गांधारीला मिळते. तिला ध्वज आणि व्यूह दिसत नाहींत. एकेक मृत देह आणि त्याच्याजवळ बसलेली त्याची स्त्री दिसते. चांगली युद्धकादंबरी घरच्या माणसांना त्याच वाटेनें घेऊन जाते. ती वाचतांना करमणूक होत नाहीं, हें खरें. पण परत आलेला मुलगा उद्यां बोलूं लागला, तर त्याचें बोलणें ऐकण्याची थोडी तयारी आपल्या घराची झालेली असेल.